वाहनाचें वाहन

जी वस्तु ज्या कामासाठीं निर्माण झाली तें काम तिच्याकडून न घेणें, हा त्या वस्तूचा सन्मान कीं अवमान? हा प्रश्न प्रथमदर्शनीं केवळ तर्ककुशल मंडळींच्या करमणुकीचा वाटेल. परंतु ज्याच्या घरीं वडिलांची सतार खुंटीवर आहे, आजीची पैठणी पेटींत आहे, किंवा पणजोबांच्या हातची पोथी रेशमी रुमालांत बांधून ठेवलेली आहे, त्याला तो कधींना कधीं सोडवावा लागतोच. सतार वाजविली तर तार तुटेल, पैठणी नेसली तर विरेल, पोथी उघडली तर पान फाटेल. आणि न वाजविली, न नेसली, न उघडली, तर ती जपून ठेवली कशासाठीं याचें समाधानकारक उत्तर देतां येत नाहीं. या जुन्या प्रश्नाचें एक नवें, आणि वरवर पाहतां थोडेंसें हास्यास्पद, रूप अमेरिकेंत पाहावयास मिळतें. त्याचा विचार या लेखांत करावयाचा आहे.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत जुन्या मोटारी बाळगणाऱ्या गृहस्थांचा एक मोठा वर्ग आहे. कोणाजवळ ड्यूसेनबर्ग असते (या नांवाची एक गाडी इंदूरच्या यशवंतराव होळकरांनींहि घेतली होती), कोणाजवळ १९५७ ची शेव्हरोले, तर कोणाजवळ माशाच्या परांसारखे पंख मागें उंच उभारलेली १९५९ ची कॅडिलॅक. या गाड्या प्रदर्शनास किंवा संमेलनास न्यावयाच्या असल्या म्हणजे पुष्कळदां त्या रस्त्यानें चालवीत नेत नाहींत. चाकें लावलेल्या एका मोठ्या बंद पेटींत, म्हणजे बंदिस्त ट्रेलरमध्यें, गाडी चढवितात, आंत पट्ट्यांनीं जखडतात, दार लावतात, आणि ती पेटी दुसऱ्या एका दणकट मोटारीमागें जोडून शेंकडों मैल ओढीत नेतात. ओढणाऱ्या मोटारीचीं चार चाकें, पेटीचीं चार, आणि पेटींतल्या मोटारीचीं चार. बारांपैकीं आठ फिरतात, आणि ज्यांच्यासाठीं हा सारा खटाटोप तीं चार मात्र स्वस्थ असतात. आपल्या पुराणांत प्रत्येक देवाला वाहन आहे. परंतु गरुडाला किंवा नंदीला स्वतःचें निराळें वाहन असल्याचें ऐकिवांत नाहीं.

मोटारीचा पूर्वेतिहास आठवला म्हणजे हा काळाचा विनोद अधिकच जाणवतो. १८६५ च्या इंग्रजी कायद्यानें, यंत्रबळानें चालणाऱ्या गाडीपुढें साठ यार्डांवर एका मनुष्यानें तांबडें निशाण घेऊन पायीं चाललें पाहिजे असें बंधन घातलें होतें, आणि वेगाची मर्यादा गांवाबाहेर ताशीं ४ व गांवांत २ मैल ठरविली होती. निशाणाचें बंधन १८७८ त सैल झालें. पुढें चालणारा मनुष्य मात्र १८९६ पर्यंत टिकला. त्या वर्षीं हें जोखड उतरलें, तेव्हां १४ नोव्हेंबर रोजीं लंडनहून ब्रायटनपर्यंत मोटारींची स्वारी काढून मोटारवाल्यांनीं आपला मुक्तिदिन साजरा केला. स्वतःच्या बळानें, कोणाच्या पाठीमागें न रेंगाळतां, चालण्याचा हक्क मिळाला हाच त्या दिवसाचा आनंद होता. त्या हक्कासाठीं झगडलेल्या यंत्राचे वंशज आज पेटींत निजून प्रवास करतात.

तथापि हंसण्यापूर्वीं मालकाची बाजू ऐकून घेणें न्यायाचें होईल. फोर्डच्या मॉडेल-टी जातीच्या गाड्या १९०८ ते १९२७ या अवधींत दीड कोटींहून अधिक निघाल्या. त्यांचा परमावधीचा वेग ताशीं ४०-४५ मैलांचा. आज अमेरिकेंतील महामार्गांवर ७० मैलांचा वेग ही नित्याची गोष्ट आहे. अशा प्रवाहांत ती गाडी घालणें म्हणजे स्वतःच्या जिवाशींच नव्हे, तर मागून येणाऱ्या निरपराध कुटुंबाच्या जिवाशीं खेळ करणें होय. शिवाय रस्त्यावरचा खडा उडून कांचेवर बसतो, आणि तशी कांच आतां सहजासहजीं मिळत नाहीं. उत्तरेकडील संस्थानांत हिंवाळ्यांत बर्फ वितळविण्यासाठीं रस्त्यांवर मीठ पसरतात, आणि तें मीठ जुन्या पत्र्यास वाळवीसारखें खातें. वाटेंत गाडी अडली तर तिचा सुटा भाग पहिल्याच दुकानांत मिळण्याचा संभव नाहीं. तेव्हां आठशें मैलांवरच्या प्रदर्शनास आपली गाडी पेटींतून नेणारा मनुष्य तेवढ्यानेंच भित्रा किंवा दांभिक ठरत नाहीं.

परंतु दुसरी बाजूहि तितकीच बलवान् आहे. तिकडच्या मोटारशोकिनांत 'ट्रेलर क्वीन' अशी एक कुत्सित संज्ञा रूढ आहे. जी गाडी पेटींतून उतरते, हिरवळीवर उभी राहते, बक्षिस घेते आणि पुन्हां पेटींत जाते, जिच्या टायरांना धूळ ठाऊक नाहीं, अशा पडदानशीन गाडीला ती लावतात. ॲरिस्टॉटलनें वस्तूचें स्वकार्य ही कल्पना मांडली. तें कार्य उत्तम रीतीनें पार पाडण्यांतच त्या वस्तूचा चांगुलपणा आहे, असें त्याचें मत. या कसोटीनें पाहिलें तर न चालणारी मोटार ही मोटारीच्या आकाराची मूर्ति होय. आणि निसर्गहि या मतास दुजोरा देतो. उभी राहिलेली मोटार होती तशी राहत नाहीं. टांकींतलें पेट्रोल नासतें, रबराचे भाग वाळून तडकतात, टायर एकाच जागीं दबून चपटे होतात, ब्रेकच्या तेलांत हवेंतला ओलावा शिरून नळ्या आंतून गंजतात. जपण्यासाठीं निजविलेली गाडी निजल्यामुळेंच झिजते.

मग जपावयाचें तें नेमकें काय? 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथांत नागसेन भिक्षूनें यवन राजा मिलिंद याला वाहनाचाच दृष्टांत दिला आहे. राजा रथांत बसून आला होता. भिक्षूनें त्याला विचारलें कीं, चाक म्हणजे रथ काय, आंस म्हणजे रथ काय, दांडी म्हणजे रथ काय? राजाला प्रत्येक वेळीं नाहीं म्हणावें लागलें, आणि 'रथ' हें या सर्वांच्या मेळास दिलेलें केवळ नांव आहे, असें शेवटीं कबूल करावें लागलें. ग्रीसमध्यें जवळजवळ हाच वाद थिसिअसच्या नौकेवरून निघाला. अथेन्सचे लोक तिच्या कुजलेल्या फळ्या काढून नव्या बसवीत; तेव्हां ती तीच नौका कीं दुसरी, याविषयीं तत्त्वज्ञांत दोन पक्ष होते, असें प्लुटार्कनें लिहिलें आहे. हा वाद सर्वांना ठाऊक असतो. परंतु प्लेटोनें सांगितलेली दुसरी गोष्ट बहुधा विसरली जाते. थिसिअसची म्हणून मानलेली नौका अथेन्सचे लोक दरवर्षीं डेलॉस बेटाच्या यात्रेस धाडीत. ती परत येईपर्यंत नगरांत कोणाचा वध करावयाचा नाहीं असा निर्बंध होता, आणि त्यामुळेंच ख्रि. पू. ३९९ मध्यें सॉक्रेटिसाचें मरण कांहीं दिवस पुढें गेलें. नौका समुद्रावर जात होती, म्हणूनच तिचा एका थोर पुरुषाच्या आयुष्याशीं संबंध आला. धक्क्यास कायमची बांधून ठेवलेली नौका कोणाचेंहि मरण लांबणीवर टाकूं शकली नसती.

याच्या उलट रस्किननें १८४९ सालीं 'सेव्हन लँप्स ऑफ आर्किटेक्चर' या ग्रंथांत जुन्या इमारतींच्या जीर्णोद्धाराचा कडक निषेध केला, आणि विल्यम मॉरिसनें १८७७ मध्यें अशा इमारतींच्या रक्षणासाठीं संस्था काढली. गेलेल्या कारागिराच्या हातचा ठसा एकदां पुसला कीं तो पुन्हां उमटवितां येत नाहीं, हा या पक्षाचा मुद्दा मोटारीसहि तंतोतंत लागू पडतो. कारखान्यांत लागलेला मूळ रंग, पहिल्या मालकानें झिजविलेलें आसनाचें चामडें, हीं एकदांच असतात; त्यानंतर होतात त्या नकला. म्हणून एखादी गाडी तिच्या जातीची एकटीच उरली असेल आणि तिच्या अंगावर तिच्या काळाचा पुरावा शाबूत असेल, तर ती आतां वाहन राहिली नाहीं, ताम्रपट झाली, असें म्हणावें लागेल. आणि ताम्रपट तांब्याचा आहे म्हणून कोणी त्याचें ताट करीत नाहीं. परंतु जिचीं शेंकडों भावंडें जगांत हिंडत आहेत, जिचा रंग दोनदां आणि इंजिन एकदां बदललें आहे, अशा गाडीच्या मालकानें ताम्रपटाचा मान मागूं लागावें, हें मात्र पटण्यासारखें नाहीं.

आतां प्रत्यक्ष ट्रेलरच्या निवडीकडे वळूं. कारण तत्त्वाचा कस व्यवहारांत लागतो. उघडा ट्रेलर हलका व स्वस्त असतो. परंतु पाऊस, खडे आणि चोराची नजर यांपासून तो गाडीला वांचवीत नाहीं. बंद ट्रेलर हें सर्व करतो, पण तो स्वतःच जड असतो. २४ फूट लांबीच्या सामान्य पोलादी पेटीचें वजनच साधारणतः साडेतीन ते चार हजार पौंड भरतें. तिच्याखालीं प्रत्येकीं ३,५०० पौंडांचे दोन आंस असले तर एकंदर मर्यादा ७,००० पौंडांची. म्हणजे मोटारीसाठीं तीन-साडेतीन हजारच उरले. १९५९ ची कॅडिलॅक एकटी साडेचार हजारांहून अधिक भरते. तिची लांबी सुमारें २२५ इंच, म्हणजे पावणेएकोणीस फूट असल्यामुळें ती या पेटींत सुखानें मावते. आणि मावली म्हणजे झालें, अशी समजूत होणें सोपें आहे. परंतु जागा पुरली म्हणून बळ पुरलें असें होत नाहीं. अशा गाडीस सुमारें १०,००० पौंडांच्या मर्यादेचा ट्रेलर हवा, आणि तेवढा भार ओढण्याचेंच नव्हे तर थांबविण्याचेंहि सामर्थ्य असलेली मोटार पुढें हवी.

भार किती, याइतकेंच तो कोठें आहे हेंहि महत्त्वाचें. आपल्याकडच्या गाडीवानाला हें कोणीं शिकवावें लागत नाहीं. भार मागें गेला तर गाडी उलाळ होते, पुढें गेला तर धुरजड होऊन बैलांच्या मानेवर येते, हें तो गाडी भरतांनाच अजमावतो. ट्रेलरचा नियमहि हाच आहे. मोटारीच्या मागच्या टोंकास जोडावयाच्या ट्रेलरांत एकंदर भाराचा १० ते १५ टक्के भाग पुढच्या जोडणीवर पडला पाहिजे. ८,००० पौंडांस ८०० ते १,२००. तो कमी पडला तर वेगांत पेटी शेपटासारखी डोलूं लागते आणि ओढणाऱ्या मोटारीसच फरफटत नेते. फाजील झाला तर त्या मोटारीचीं पुढचीं चाकें हलकीं होऊन सुकाणूची पकड सुटते. इंजिन पाठीमागें असलेली गाडी कधीं उलटी चढवावी लागते, ती याच कारणानें. याखेरीज पेटीस स्वतःचे ब्रेक हवेत. जोड तुटून ती सुटलीच तर आपोआप ब्रेक लावणारी कळ हवी. आणि ट्रेलरसाठींच बनविलेले, वयानें फार जुने न झालेले टायर हवेत. रुंद गाडी आंत गेली म्हणजे तिचें दार पुरतें उघडत नाहीं, म्हणून पेटीच्या कुशींत एक निराळें दार ठेवलेलें बरें. झरोके नसले तर आंत ओल धरते, आणि ज्या गंजाच्या भीतीनें गाडी कोंडली तोच गंज कोंडल्यामुळें चढतो.

या यादींत एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. पेटी मोटारीचें रक्षण करते. पेटीखालचे आंस, ब्रेक व टायर मात्र मोटारीबरोबरच रस्त्यावरच्या इतर माणसांचें रक्षण करतात. ग्राहकाचें लक्ष साहजिकच आंतल्या चकचकीत जमिनीवर, दिव्यांवर आणि हत्यारांच्या कपाटांवर जातें. कारण तीं दिसतात, आणि तीं त्याच्या लाडक्या वस्तूच्या कोडकौतुकाचीं आहेत. खालचे ब्रेक कोणी पाहत नाहीं, आणि ते ज्याच्यासाठीं आहेत तो मनुष्य अनोळखी आहे. प्रेम आणि मोह यांतला भेद येथें स्पष्ट होतो. ज्याचा जीव वस्तूवर आहे, पण त्या वस्तूपायीं दुसऱ्याच्या जिवास धोका होईल याची ज्याला पर्वा नाहीं, त्याला वस्तूचा मोह आहे. ज्याला तिच्यावर खरें प्रेम आहे तो, तिच्यामुळें कोणाचें वाईट झालें असें तिच्या नांवास लागूं नये, एवढ्यासाठीं तरी आधीं ब्रेकांवर पैसा घालील, आणि कपाटाशिवाय चालवून घेईल.

किंमतीमुळें मात्र एक निराळीच अडचण उत्पन्न होते. मे २०२२ मध्यें मर्सिडीज-बेंझची १९५५ सालची, ३०० एस्. एल्. आर. जातीची, बंद टपाच्या दोनच गाड्यांपैकीं एक साडेतेरा कोटि युरोंस विकली गेली. अशा किंमतीची गाडी ज्याच्या हातीं असेल त्याचा हात चक्रावर ठेवतांना कांपला तर नवल नाहीं. परंतु तो हात वस्तूच्या थोरवीनें कांपतो कीं द्रव्यहानीच्या भयानें, हें त्यानें स्वतःशीं प्रामाणिकपणें ठरविलें पाहिजे. थोरवीनें कांपत असेल, तर ती गाडी दहाजणांस पाहूं देण्याची, अभ्यासकांस तपासूं देण्याची बुद्धि त्याला होईल. भयानें कांपत असेल, तर ती मोटार नव्हे, ठेव-पावती आहे. आणि ठेव-पावतीला संस्कृतिरक्षणाचें सोंवळें नेसविण्याचें कारण नाहीं.

आपल्या देशांतहि हा प्रश्न नाहीं असें नाहीं. दिल्लीस 'स्टेट्समन' पत्राच्या वतीनें जुन्या गाड्यांची स्वारी १९६४ सालीं सुरू झाली. २०२१ मध्यें केंद्र सरकारनें मोटार-वाहन नियमांत पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठीं 'व्हीए' या अक्षरांची निराळी नोंदणी काढली. नित्याच्या व धंद्याच्या वापरासाठीं त्यांना रस्त्यावर मज्जाव केला, आणि प्रदर्शन, संशोधन, स्वारी, दुरुस्ती व इंधन भरणें यांपुरती मोकळीक ठेवली. म्हणजे जुनी मोटार ही पुरतें वाहनहि नव्हे आणि पुरती संग्रहालयाची वस्तुहि नव्हे, हें कायद्यानेंहि मान्य केलें आहे.

या मधल्या स्थितींत कसें वागावें याचा मार्ग अनुभवी लोकांनीं काढलेला आहे. कॅलिफोर्नियांतील पेबल बीच येथें १९५० पासून मोटारींचें सौंदर्यप्रदर्शन भरतें. तेथें १९९८ पासून प्रदर्शनापूर्वीं गाड्या रस्त्यानें फिरवून आणण्याचा प्रघात पडला. आणि एकाच वर्गांत दोन गाड्यांस सारखे गुण पडले तर ही फेरी पुरी करणारीस झुकतें माप मिळतें. लंडन-ब्रायटनची स्वारी १९२७ मध्यें पुन्हां सुरू झाली, आणि तींत १९०५ पूर्वींच्याच गाड्यांस प्रवेश असतो. दूरगांवचे मालक आपल्या गाड्या लंडनपर्यंत ट्रेलरवर आणतात. पण तेथून पुढची सुमारें ६० मैलांची वाट ती म्हातारी गाडी, अडखळत कां होईना, आपल्याच बळानें कापते. येथें ट्रेलर प्रवासाची जागा घेत नाहीं. प्रवासाच्या आरंभापर्यंत तो गाडीला पोंचवितो.

कोणी म्हणेल कीं, आपल्याकडे तर चालण्यासाठीं केलेल्या पादुकाच पालखींत ठेवून नेतात. आळंदीहून ज्ञानेश्वरांच्या आणि देहूहून तुकोबांच्या पादुका दर आषाढींस पंढरीस जातात. भरतानें तर रामाच्या पादुका चौदा वर्षें सिंहासनावर ठेविल्या. मग त्यांचाहि हा अवमानच म्हणावयाचा काय? आक्षेप योग्य आहे, आणि त्याचें उत्तरहि त्यांतच आहे. भरतानें पादुका सिंहासनावर ठेविल्या त्या त्यांच्या धन्याच्या नांवानें राज्याचें काम चालावें म्हणून. स्वतः तो नंदिग्रामीं व्रतस्थ राहिला. पालखींतल्या पादुका स्वतः चालत नाहींत, पण लाखों माणसांना चालावयास लावतात. वाहून नेलेल्या वस्तूचें सार्थक तिनें इतरांना काय करावयास लावलें यावरून ठरतें. पेटींतून उतरलेली मोटार पाहून एखाद्या मुलाला तिचें झांकण उघडून आंत डोकवावेंसें वाटलें, तर तिचें वाहून आणणें व्यर्थ गेलें नाहीं. दोरीपलीकडून तिची किंमत वाचून लोक पुढें सरकले, तर तें व्यर्थ गेलें.

आणि शेवटीं एक गोष्ट अशी आहे कीं, जी कोणत्याहि पेटींत घालून जपतां येत नाहीं. मॉडेल-टी गाडीला पायाखालीं तीन कळा असतात. त्यांपैकीं डावी वेग बदलण्याची, मधली गाडी मागें नेण्याची आणि उजवी ब्रेकची. इंजिनास पेट्रोल कमी-अधिक देण्याचा दांडा चक्राखालीं, हाताशीं असतो. आजच्या मोटारीवर हयात घालविलेला मनुष्यहि तिच्यावर बसला कीं नवशिका होतो. ही विद्या कोणी तरी चालवून दाखविल्याशिवाय, आणि दुसऱ्यानें चुकत-माकत चालविल्याशिवाय, एका पिढीकडून दुसरीकडे जात नाहीं. गाडी शंभर वर्षें शाबूत राहिली आणि ती चालविणारा हात उरला नाहीं, तर वारसा अर्धाच पोंचला. म्हणून ट्रेलर अवश्य घ्यावा, तो भाराला पुरणारा घ्यावा, आणि त्याचे ब्रेक आधीं पाहावे. परंतु मुक्कामीं पोंचल्यावर गाडी खालीं उतरवून, धाकट्या पोराला शेजारीं बसवून, निदान गांवाबाहेरच्या रिकाम्या रस्त्यानें दोन मैल ती चालवावी. त्या दोन मैलांत रंगावर एखादा ओरखडा उठला, तर तो ज्यानें गाडी बनविली त्याला खचितच नवल वाटलें नसतें.